कॅबिनेटबरोबर फुकट आलेला डबा

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकला की माझ्या दुकानातला फोन दुपारी दोन ते पाच या वेळात सगळ्यात जास्त वाजतो. दालमिलचे मुनीम सांगतात, टॅलीत एंट्री मारता मारता पीसी आपोआप बंद पडतो, बहुतेक व्हायरस आहे. सेवा केंद्र चालवणाऱ्या ताई म्हणतात, ‘दादा, प्रिंट दिली की रिस्टार्ट मारतो, विंडोज नवीन टाकून द्या.’ डीटीपीवाले तर निकाल लावूनच येतात : बोर्ड उडाला. व्हायरस, विंडोज, बोर्ड, रॅम, सगळ्यांची नावं निघतात. या सगळ्यांना ज्याच्यातून वीज मिळते त्या पत्र्याच्या डब्याचं, एसएमपीएसचं, नाव मात्र कुणी काढत नाही.

त्यात नवल नाही. हा डबा कुणी निवडून घेतलेलाच नसतो. प्रोसेसर कोणता हवा ते पोरगा यूट्यूबवर बघून येतो, रॅम आणि एसएसडीवर घासाघीस होते, मॉनिटर लावून पाहिला जातो. शेवटी दुकानदार कोटेशनमध्ये एक ओळ लिहितो, ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’, आणि गिऱ्हाईक कॅबिनेटच्या काचेतले रंगीत दिवे बघत बसतं. वीस-तीस हजारांचं मशीन ज्याच्या भरवशावर चालायचं, तो भाग असा फुकटात घरी येतो. माझं म्हणणं असं की कोटेशनमध्ये या डब्याला स्वतःची ओळ हवी, आणि तो बिघडला तर बिघाड शोधायला लागणाऱ्या वेळेला बिलात स्वतःची ओळ हवी. या दोन ओळी नसल्यामुळे चांगले चालणारे बोर्ड भंगारात जातात, हे मी डोळ्यांनी बघतोय.

डबा करतो काय? भिंतीतली २३० व्होल्टची एसी आत घेतो आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी बाहेर देतो. इंटेलने १९९५ साली एटीएक्सची पद्धत घालून दिली, तेव्हापासून तारांचे रंगही ठरलेले आहेत. पिवळी १२ ची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची, काळी ग्राउंड. (हल्ली महागड्या डब्यांत फॅशन म्हणून सगळ्याच तारा काळ्या देतात. दिसायला झकास, आमच्यासारख्यांना डोकेदुखी.) जांभळी तार कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्ट देत असते, तिच्याच जिवावर समोरचं बटण चालतं. हिरवी तार काळीला जोडली की डबा सुरू होतो, आणि सगळे व्होल्टेज जागेवर आले की करडी तार मदरबोर्डाला तसा निरोप देते. १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. पाचाला ४.७५ ते ५.२५. एवढं पाठ असलं आणि हातात साधा मल्टिमीटर असला तर अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

हा डबा एकदम मेला असता तर बरं झालं असतं. बटण दाबलं, काही नाही, वास आला, संपलं. असा बिघाड पोरसवदा शिकाऊसुद्धा ओळखतो. पण बहुतेक डबे महिनोन् महिने रेंगाळतात. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर हळूहळू सुकतात. उष्णता दहा अंशांनी वाढली की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा. चांगल्या डब्यात १०५ अंशांचे कपॅसिटर असतात, हलक्यात बऱ्याचदा ८५ चे. आता आमच्याकडचा हिशोब करा. खोलीतच ४२-४३ अंश, कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटवलेलं, आणि कॉम्प्युटर जिनिंगमध्ये असेल तर एसएमपीएसच्या पंख्यावर रुईचा थर. जिनिंगमधला डबा उघडला की आत अक्षरशः गादी निघते. पंखा फिरत असतो, पण हवा हलत नाही. दालमिलमध्ये रुईऐवजी पिवळट भुकटी असते, ती तर पंख्याच्या बेअरिंगमध्येच जाऊन बसते.

म्हणून उन्हाळ्यात दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर मी आधी या डब्यावर ढकलतो. पण गंमत अशी की हाच डबा हिवाळ्यात उलटा वागतो. सुकलेला कपॅसिटर थंडीत जास्त अडतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बटण दाबलं की पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबलं की सुरू, आणि मग संध्याकाळपर्यंत काही कुरकुर नाही. लोक म्हणतात बटण खराब झालंय. काही जण त्यावर उपाय म्हणून कॉम्प्युटर रात्रीही बंद करत नाहीत. आतून थोडा गरम राहिला की सकाळी चालू होतो, हे त्यांच्या अनुभवाला आलेलं असतं. कारण माहीत नसतं. उन्हाळ्यात दुपारी पडणारा आणि हिवाळ्यात सकाळी न उठणारा कॉम्प्युटर एकच असेल, तर मी कॅबिनेट उघडायच्या आधीच नव्वद टक्के पैज लावायला तयार असतो.

खोडरबराबद्दल बोललंच पाहिजे. डिस्प्ले आला नाही की रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायच्या आणि परत लावायची, हा भारतातल्या प्रत्येक कॉम्प्युटर दुकानातला पहिला संस्कार. पट्ट्यांवर खरंच मळ असेल तर फायदा होतोही. पण घासताना आणखी एक गोष्ट घडते : प्लग काढलेला असतो. पाच-दहा मिनिटं डबा थंड होतो, आतली साठलेली वीज उतरते, अडकलेलं सर्किट मोकळं होतं. परत लावल्यावर मशीन सुरू झालं की श्रेय खोडरबराला. आठवड्याने तेच गाऱ्हाणं आलं की नवी रॅम. मग फॉरमॅट. मग बोर्ड. शेवटी डबा, तोही कॅबिनेट बदललं म्हणून. या साखळीत कुणी लबाडी केलेली नसते, प्रत्येक पायरीला मशीन थोडे दिवस खरंच चाललेलं असतं.

दुसरा चकवा म्हणजे ‘दुकानात आणलं की व्यवस्थित चालतो’. चालणारच. दुकानात त्याला ना लेझर प्रिंटरची सोबत, ना टेबलाखालचा कोंडमारा. लेझर प्रिंटरचा आतला हीटर काही क्षणांसाठी शेकडो वॅट ओढतो. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर प्रिंटर आणि कॉम्प्युटर, मागे बारीक वायरिंग, त्यात संध्याकाळी गल्लीतलं व्होल्टेज आधीच उतरलेलं. प्रिंट दिली की झटका बसतो. धडधाकट डबा तो झटका सोसतो, थकलेला सोसत नाही. त्यामुळे तक्रार ज्या टेबलावर होते, त्याच टेबलावर जाऊन बघावं लागतं. यातच माझा अर्धा दिवस जातो, आणि याच अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

तिथे गेल्यावर काय बघतो? आधी प्रश्न. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर घेतो तेव्हा पीसी रिस्टार्ट होतो का, आणि पूर्वीही व्हायचा का? पन्नास हर्ट्झच्या विजेची एक लाट वीस मिलिसेकंदांची. एटीएक्सच्या अपेक्षेप्रमाणे पूर्ण लोडवर असलेल्या डब्याने वीज तुटल्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरायला हवा. तेवढ्यात चांगला यूपीएस सूत्रं हाती घेतो. घरगुती इन्व्हर्टरला मात्र यूपीएस मोडवर ठेवलं नसेल तर जास्त वेळ लागतो, आणि ते बटण मागच्या बाजूला धुळीत असतं. तेव्हा रिस्टार्ट नेहमीच होत असेल तर इन्व्हर्टरचा मोड बघा. पूर्वी होत नव्हता आणि हल्ली व्हायला लागला, इन्व्हर्टर तोच, तर डब्यातला मोठा कपॅसिटर उतरणीला लागला. एवढी माहिती एका प्रश्नात मिळते, स्क्रू ड्रायव्हर न लावता.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीचा फोटो हल्ली बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ते तर तुम्हाला आणि मला आधीच माहीत होतं.

डबा निर्दोष असल्याची उदाहरणंही कमी नाहीत. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, एसएमपीएस शॉर्ट झालाय, बदला, असं सांगत लोक येतात. प्रत्यक्षात तो बहुधा शाबूत असतो. त्याच्या तोंडाशी फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, विजेतला खरखराट जमिनीत सोडायला. जमीन जोडलेली असेल तर ठीक. अर्थिंग नसेल तर बॉडीवर २३० च्या साधारण निम्मे व्होल्ट तरंगतात. करंट अगदी थोडा, पण अनवाणी पायाला जाणवतो. थ्री-पिनचा तिसरा पाय पक्कडीने उपटून टू-पिनमध्ये प्लग घातलेला मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता रागही येत नाही. अशा ठिकाणी नवा डबा विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आणि धोका दोन्ही तिथेच ठेवून येणं. त्याला इलेक्ट्रिशियन हवा असतो.

मग मीटर. सॉफ्टवेअरवर दिसणारे व्होल्टेज मी धरत नाही, बोर्डावरचा सेन्सर पुष्कळदा थापा मारतो. मोलेक्सच्या कनेक्टरमध्ये काळ्या तारेत काळी पिन, पिवळीत लाल पिन, आणि मशीनला काम द्यायचं. नुसत्या डेस्कटॉपवर १२.१ दाखवणारा डबा, प्रोसेसरला राबवणारं प्राइम९५ लावल्यावर ११.३ वर आला की आणखी काय हवं? तारेचा तुकडा हिरव्या-काळ्यात घालून ‘पंखा फिरला, एसएमपीएस ओके’ असा निर्वाळा देणारे कारागीर मला भेटतात. रिकामी गाडी ओढायला लावून बैलाची पारख होत नाही. मी सुट्या डब्याला गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब लावतो. पिवळ्या-काळ्या तारेवर तो साडेचार अँपिअरच्या वर ओढतो. अस्सल डब्याला त्याची फिकीर नसते. फुकटातल्या डब्यात मात्र १२ खाली बसतो आणि त्याच वेळी ५ वर चढतो, कारण आत दोघांचा लगाम एकच असतो. आणि हो, संशयातला डबा दुसऱ्याच्या चांगल्या बोर्डाला लावून कधी बघू नये. बघायचंच तर चांगला डबा संशयातल्या मशीनला लावावा. उलटं केल्याने गेलेले बोर्ड मी दुरुस्तीला घेतले आहेत.

मीटरलाही मर्यादा आहे. तो सरासरी सांगतो, त्यावरची थरथर सांगत नाही. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंतची थरथर चालते, त्यापुढे गेली की हार्ड डिस्क आणि रॅम यांच्या अशा तक्रारी सुरू होतात ज्यांना डोकं ना शेपूट. ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो. माझ्याकडे जुना, सेकंडहँड आहे. तालुक्याच्या दुकानदाराकडे तो नसतो, आणि त्याला मी दोष देणार नाही. तपासणीचे पैसेच मिळत नसतील तर तो कशाच्या जोरावर घेईल?

वाचकांनी हे वाचून डबा उघडायला जाऊ नये. मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. तुम्ही उघडायची गरजही नाही, बाहेरचं लेबल वाचा. लेबलवर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’ असतं. त्याकडे दुर्लक्ष करून बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. १४ लिहिले असतील तर बारा चोक १६८. आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी वीज १२ च्या तारेतूनच घेतो, म्हणजे तो डबा कामापुरता १६८ वॅटचा. बाकीचे आकडे ५ आणि ३.३ च्या रकान्यात भरलेले असतात, जिथे हल्ली फारसं कुणी जात नाही. आणि हे १४ तरी खरे आहेत का, तेही हॅलोजन बल्बच सांगतो. साध्या ऑफिसच्या पीसीला शंभर वॅटसुद्धा क्वचित लागतात, त्यामुळे असा डबा पहिली दोन वर्षं पास होतो. वॉरंटी संपल्यावर दात दाखवतो.

माझ्यावर नेहमीचा आक्षेप असा : हलका डबा चार-पाचशे रुपयांत मिळतो, तेवढ्यासाठी अर्धा दिवस तपासणी कशाला, बदलून टाका आणि मोकळे व्हा. आक्षेपात तथ्य आहे. चांगला डबा लावून बघणं हीसुद्धा तपासणीच, मीही ती करतो, आणि जुना डबा उघडून कपॅसिटर बदलत बसणं आता मलाही परवडत नाही. पण बदलून टाका म्हणणारे बदलतात काय? तोच चार-पाचशेवाला. दोन-अडीच हजारांचा, कार्यक्षमतेचा ८० प्लस शिक्का असलेला आणि पाच वर्षं वॉरंटी देणारा डबा सुचवला की गिऱ्हाईक मला लुटारू समजतं. आणि बदलायची वेळ येईपर्यंत रॅम, फॉरमॅट, बोर्ड यांवर त्याचे कितीतरी पट खर्च झालेले असतात. डबा स्वस्त म्हणून तपासणी महाग वाटते, बोर्डाच्या किमतीशी तुलना करायचं सुचत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या ब्रँडेड मशीनचं दुखणं वेगळं. तिथे डबा चांगला असतो, पण चोवीस पिनांच्या सर्वसाधारण कनेक्टरऐवजी कुणाचा सहा पिनांचा, कुणाचा दहाचा, कुणाचा चौदाचा. डब्याचा आकारही स्वतःचा. बँकांमधून, कार्यालयांतून निघालेली अशी मशीन्स आमच्याकडे सेकंडहँडमध्ये ढिगाने येतात. मशीन ठणठणीत, डबा गेला, आणि बाजारातला कुठलाच बसत नाही. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कन्व्हर्टर केबल मागवायची आणि झाकण उघडं ठेवून डबा बाहेर टांगायचा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. त्या चर्चेत मोबाइल, ट्रॅक्टर, फ्रिज होते; चांगलंच आहे. माझी मागणी बारीक आहे : ज्या भागाला सगळ्या जगाने एक माप ठरवून दिलंय, तो भाग सरकारी खरेदीत तरी त्याच मापाचा मागा. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पण काही पिनांच्या फरकापायी भंगारात गेलेलं मशीन कागदावर ‘जुनं झालेलं’ म्हणूनच नोंदलं जाणार.

शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हा सगळा हिशोब एकदम समोर येतो. खरेदीच्या कागदावर प्रोसेसरची पिढी लिहिलेली, रॅमची गती लिहिलेली, कीबोर्डचं कनेक्शनसुद्धा लिहिलेलं, आणि शेवटी ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. सगळ्यात कमी भाव भरणारा कुठे वाचवणार हे सांगायला नको. तिसऱ्या वर्षी निम्मी मशीन्स ‘बंद’ अशी चिठ्ठी लावून भिंतीला लावलेली असतात आणि उरलेल्यांवर तीन-तीन पोरं बसतात. एका मुख्याध्यापकांनी विचारलं म्हणून मी त्यांना मजकूर लिहून दिला : एसएमपीएस एटीएक्स मापाचा, १२ व्होल्टवर किमान २५ अँपिअर, ८० प्लस प्रमाणित, वॉरंटी वेगळी आणि लेखी, लॅबची अर्थिंग मोजून दाखवल्याशिवाय मशीन जोडू नये. त्यांनी तो खरेदी समितीपुढे ठेवला. अर्थिंगची अट खोडली गेली, बाकीच्या राहिल्या.

त्याच शाळेच्या जुन्या लॅबची तपासणी मी केली होती. बंद म्हणून लावून ठेवलेल्या मशीनपैकी बहुतेकांचे बोर्ड चालू निघाले. एका मशीनच्या डब्यावर जुन्या पद्धतीचा ११५-२३० चा लाल खटका होता, तो कुण्या पोराने उत्सुकतेने ११५ वर सरकवला होता. तिथे अर्थातच धडाका झालेला. तपासणीची फी लावून बिल दिलं, तर संस्थेचे लेखापाल म्हणाले की तपासणी नावाचं हेड आमच्याकडे नाही, सुटे भाग लिहा, लगेच मंजूर करतो. मी विचारलं, कोणते सुटे भाग? ते म्हणाले, केबल लिहा, केबल कुणी मोजत नाही. मी केबल लिहिली नाही. बिल अजून त्यांच्या टेबलावर आहे, आणि दुरुस्त झालेल्या मशीनवर पोरं बसायला लागली आहेत.